पोटखराबा

रात्री सव्वादोन. रक्तपेढीचं यंत्र धापा टाकतंय.
यंत्र बाणेरला, सातव्या मजल्यावर, थंड खोलीत.
रक्त रास्ता पेठेत, त्याहून थंड पेट्यांत.
मध्ये मी, तन्वीर शिकलगार,
आणि थर्मासमधला मघाशीच संपलेला चहा.

बंद करता येत नाही.
कुठल्या पिशवीत कुठला गट, कुणासाठी राखलेली,
सगळं त्याच्या डोक्यात, आणि डोकं भरलंय.
चालत्या बैलगाडीला आणखी एक फळी ठोकावी
तशी एक जीबी मेमरी वाढवून द्यायची.

मी दिली. त्यानं नाकारली.
पुन्हा दिली. 'अवैध मूल्य.'
एवढंच. रागावत नाही, समजावतही नाही.

तन्वीर म्हणाला, आकडा तर बरोबर आहे, एक हजार चोवीस.
आकडा बरोबर आहे रे. हद्द चुकलीय.
कर्नल एकशे अठ्ठावीसच्या पट्ट्यांनीच मोजतो,
शून्यापासून, एकही पट्टा न मोडता.
दर पट्ट्याला वही उघडतो, तीत पानापानाची नोंद,
आणि अर्ध्या पट्ट्याची वही त्याच्याकडे नसते.
आपला तुकडा सुरू होतो चार हजार एकशे साठला,
म्हणजे ऐन पट्ट्याच्या पोटात.

आप्पा भूकरमापक होते, हवेली तालुक्यात.
ही इमारत उभी आहे ते रानही त्यांनी मोजलं असेल,
ज्वारीच्या ताटांतून साखळी ओढत.
साखळी ताणताना श्वास धरायचे.
घरीसुद्धा, माझ्यासोबत चादरीची घडी घालताना,
दोन टोकं हातात, श्वास धरलेला.

मी कागद ओढला.
पुढची हद्द चार हजार दोनशे चोवीस, तेहतिसावी.
शेवटची पाच हजार एकशे वीस, चाळिसावी.
तेहतीस, आप्पांच्या साखळीचे फूट.
चाळीस, एकरातले गुंठे.
योगायोग. अपरात्री योगायोग मोठे दिसतात.

मध्ये सात पट्टे, सलग.
अलीकडे चौसष्ट उरले, पलीकडे चौसष्ट.
मिळून एक अख्खा पट्टा होतो की, तन्वीर म्हणाला.
मिळून, हो.
पण ते शेजारी नाहीत.

बालेवाडीच्या सगुणाबाई आप्पांशी यावरूनच भांडल्या होत्या.
ओढ्याकडचा एक कोपरा, खडकाकडचा एक,
उताऱ्यावर दोन्ही पोटखराबा.
"रान माजं, मंग पिकात का न्हाई धरत?"
"तुमचंच आहे, बाई. लागवडीचं नाही, इतकंच. साराही नाही त्याला."
"मंग खातंय कोन ते?"
"कोणी नाही. नोंदीत असतं."
"माजी शेळी खाईल," म्हणाल्या, आणि गेल्या.
आप्पा हे सांगून हसायचे,
हसून झाल्यावर जरा वेळ गप्प बसायचे.

सात पट्टे दिले. घेतले.
नावावर झाले, पण अजून पडीकच:
ताबा एकेकाचा वेगळा द्यावा लागतो.
पहिला. दुसरा. तिसऱ्याला तन्वीरनं खुर्ची पुढे ओढली.
चौथ्यानंतर धाप जरा उतरली.
सातवा देईपर्यंत, माझ्या उशिरा लक्षात आलं,
मी श्वास धरून होते.

रास्ता पेठेतून लोबो सिस्टरचा फोन:
"अहो, हललं! ओ निगेटिव्ह दिसतंय. दोन आहेत."
आणि ठेवला. कुणासाठी, ते आम्हाला कळत नाही कधी.

कामाच्या नोंदवहीत लिहिलं:
वाढ आठशे शहाण्णव. पोटखराबा चौसष्ट, दोन ठिकाणी.
तन्वीरनं विचारलं, हा कुठला शब्द?
सांगितला. तो म्हणाला, पण इथे शेळी कुठाय?

सकाळच्या पाळीतल्या कुणीतरी तो शब्द खोडून
वर 'वाया' लिहिलं.
मी बसमधून उतरले होते. परत गेले,
लिफ्ट बंद, सात मजले चढून.
'वाया' खोडलं.
वाया नाही. नोंदीत आहे.